आईच्या खोलीतला राउटर

आमच्या घरातलं इंटरनेट आईच्या खोलीपर्यंत पोचत नाही, ही कधी कोणाची तक्रार नव्हती. आईची तर नव्हतीच. तिची खोली मागच्या अंगाला, लिफ्टच्या भिंतीला चिकटून. तिथे साधा मोबाइलसुद्धा दोन वाक्यांनंतर मान टाकतो. आई म्हणायची, "बरंय. कोणी उगाच हाका मारत नाही."

मग एका संध्याकाळी मावसभावाचा फोन आला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून झालं, हे आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं; पण बोलणं आधी कोणी टाकलं, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. दुसरीने.

"दादा," मावसभाऊ म्हणाला, "आईच्या घशाचं ऑपरेशन आहे परवा. स्वरयंत्र काढावं लागणार. जिवाला तसा धोका नाही म्हणतात. पण आवाज राहणार नाही." मग म्हणाला, "ती म्हणते, त्याआधी ताईशी बोलायचंय. समोर बघून. उद्या संध्याकाळी लावू का व्हिडिओ?"

मी आईला सांगितलं. ती उशीला अभ्रा घालत होती. तो पूर्ण घालून झाला, उशी दोन बाजूंनी थोपटून झाली, मग म्हणाली, "बोलेन. पण तुमच्या हॉलमध्ये नाही. माझ्या खोलीत. दार लावून."

"आई, तिथे रेंज येत नाही."

"मग आण."

आता माझ्याबद्दल एवढंच सांगतो की पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी रवानगी विभागाचा प्रमुख आहे. कुठला माल कुठल्या वाटेने कुठे जाईल, हे ठरवण्यात माझी उमर गेली. डोंगरापलीकडच्या गावात पंप पोचवणाऱ्या माणसाला हॉलमधलं इंटरनेट मागच्या खोलीत पोचवता येऊ नये, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटली. "त्यात काय आहे?" असं मी बायकोला म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीच मोठी संकटं याच वाक्याने सुरू झालेली आहेत, हे ती जाणून आहे. तिने शांतपणे माळ्यावरून शिडी काढून दिली.

आमच्या इमारतीत सगळ्यांनी मिळून एकच जाड लाइन घेतली आहे. ती जिन्याखालच्या पेटीत येते आणि तिथून घरोघर एकेक वायर जाते. घरात आली की ती राउटरमध्ये शिरते आणि राउटरमधून हवेत. मला एवढंच माहीत होतं. पुढे जे झालं ते एवढंच माहीत असल्यामुळे झालं.

शिडी आणि राउटर घेऊन माणूस दार उघडं ठेवून उभा राहिला, की शेजारी येतातच. पहिले आले ते अनुभवी. हे त्यांचं नाव नव्हे, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. मूतखड्यापासून मुलाखतीपर्यंत त्यांना अनुभव नाही असा विषय नाही.

"राउटर उंचावर ठेवा," ते म्हणाले. "लहरी वरून खाली येतात. पाण्यासारख्या."

आम्ही तो कपाटावर ठेवला. मी आईच्या खोलीत मोबाइल धरून उभा राहिलो. रेंजची एक काडी आली आणि गेली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक डोकावले. ते तत्त्वज्ञान शिकवतात, त्यामुळे प्रश्न सुटला नाही तरी चालतो, तो नीट मांडला गेला पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. "इथे मूळ अडचण राउटर ही नसून भिंत ही आहे," ते म्हणाले.

भिंत पाडणं शक्य नव्हतं. मग अनुभवींनी राउटरच्या मागे स्टीलचं ताट उभं करायला सांगितलं. लहरी ताटावर आपटून आईच्या खोलीकडे वळतील, असा त्यांचा होरा. बायको शिडीवर ताट धरून उभी, मी खोलीखोलीतून मोबाइल घेऊन फिरतोय, "थोडं डावीकडे, थोडं अजून," असं बराच वेळ चाललं. अखेर लहरी वळल्या. आईच्या खोलीत येऊन-जाऊन असलेली ती एक काडीही गेली, आणि प्राध्यापकांच्या स्वयंपाकघरात मात्र आमचं इंटरनेट उत्तम यायला लागलं. त्यांनी तसं प्रामाणिकपणे येऊन कळवलं.

"नवीन राउटर घ्या," असं मग सगळ्यांचं एकमत झालं.

दुकानदाराने दिलेला नवा राउटर उताण्या खेकड्यासारखा दिसत होता. चहूबाजूंनी वर आलेले हात. "भिंत मानत नाही," दुकानदार म्हणाला. सोबतची पुस्तिका जगातल्या पुष्कळ भाषांत होती, त्यांपैकी एकही मला येत नव्हती. पण मोबाइलवरून तो सुरू केला तेव्हा त्याने आधी स्वतःचं नाव विचारलं. मी विचारात पडलो. बायको म्हणाली, "लिहा 'आईची खोली'. तिच्यासाठीच तर आणलाय." मी लिहिलं. नाव ठेवल्यावर त्या यंत्राबद्दल मला एक प्रकारची आपुलकीही वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा "घरगुती" असं म्हणालो. सकाळीच बाहेरची वायर भिंतीच्या कडेकडेने, दारांच्या चौकटींवरून मागच्या खोलीपर्यंत नेली, आईच्या कपाटावर खेकडा बसवला आणि वायर त्याच्या पाठीत खोचायला घेतली. पाठीला भोकं होती. पिवळी चार, एकमेकांना खेटून, घरातल्या भावंडांसारखी. आणि जरा अंतर राखून एक निळं. निळं एकटं आणि फटकून दिसत होतं. मी बहुमताचा मान राखून पिवळ्यात वायर खोचली.

दिवे लागले. हिरवे, छान लुकलुकणारे. मोबाइलवर रेंज तर अशी आली की आई कौतुकाने म्हणाली, "शिकलास हो." पण इंटरनेट आलं नाही. रेंज पूर्ण, आणि आत काही नाही.

मी खेकडा बंद केला, चालू केला. दोनदा फुंकर मारली. तास-दीड तासाने खालून कोणी तरी ओरडलं, "नेट गेलं का हो तुमचं?" पहिल्या मजल्याचं गेलं होतं. मग समोरच्यांचं. मग प्राध्यापकांचं, ते घरून वर्ग घेत असताना विद्यार्थ्यांचे चेहरे एकेक करून थिजले, आणि त्यातला कुठला चेहरा इंटरनेटमुळे थिजला आणि कुठला आधीपासूनच तसा होता हे त्यांना सांगता येईना. दुपारपर्यंत अख्खी इमारत हळूहळू, घरामागून घर, बंद पडली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला फार हायसं वाटलं. सगळ्यांचंच बंद आहे म्हणजे दोष माझ्यात नाही! मी आईला म्हणालो, "कंपनीची लाइन गेलीय. माझं काम बरोबरच होतं."

आई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत येईल ना?"

ती हे सहज म्हणाली. पण सकाळपासून तिने चांगली साडी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली होती, ते मी पाहिलं होतं. आमच्या भागात मोबाइलवर बोलणं होतं, चित्र दिसत नाही. आणि मावशीला समोर बघून बोलायचं होतं.

कंपनीच्या कचेरीत जायचं ठरलं. सोसायटीचे सचिव, अनुभवी आणि मी. सचिव हे मितभाषी गृहस्थ आहेत. इमारतीतल्या माणसांशी बोलून बोलून ते तसे झाले असावेत. काचेमागच्या बाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "तक्रार ॲपवरून करायची."

"ॲप चालत नाही," सचिव म्हणाले.

"का?"

"इंटरनेट बंद आहे."

"मग सुरू झालं की करा."

अनुभवी त्यांना आलेल्या अशाच एका अनुभवाबद्दल सांगू लागले. शेवटी मी पुढे झालो. रवानगी विभागात माझा आवाज नावाजलेला आहे. आतून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "आमच्या बाजूने लाइन चालू दिसतेय. तुमच्याच इमारतीत कोणी तरी काही तरी उद्योग केलेला असणार."

हे ऐकून माझं रक्त तापलं. "आमच्या इमारतीत असला माणूस नाही!" मी काचेवर बोट आपटून म्हणालो. "आणि असलाच, तर शोधून काढा त्याला. कायमचं तोडा त्याचं कनेक्शन. सगळ्यांसमोर तोडा!"

अनुभवींनी माझी पाठ थोपटली. सचिव काहीच न बोलता तिथल्या बाकावर बसले. मांडीवर पिशवी ठेवली आणि नुसते बसून राहिले. बोलणाऱ्या माणसाला हाकलता येतं, गप्प बसलेल्याला येत नाही. बऱ्याच वेळाने कंटाळून साहेबांनी एक इंजिनीअर बाई आमच्याबरोबर पाठवल्या.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जिन्याखाली सगळी इमारत जमली होती. माझी बायकोही खाली आली होती. बाईंनी पेटी उघडली, आपला लॅपटॉप वायरने जोडला आणि मांडी घालून बसल्या. त्या तशा तुसड्या नव्हत्या, पण त्यांना घरी जायची घाई होती. काही वेळ त्या बघत राहिल्या, मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुमची लाइन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण इमारतीत दुसराच एक राउटर सगळ्यांना पत्ते वाटतोय. सगळ्या घरांचं बोलणं कंपनीकडे न जाता त्याच्याकडे जातंय. आणि त्याला पुढचा रस्ताच नाही."

"कोण आहे तो?" मी गरजलो.

"नाव येतंय." त्यांनी डोळे बारीक करून पडदा जवळ घेतला. "'आईची खोली'. या इमारतीत आईची खोली कोणाची?"

जिन्याखाली सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला आई होती, आणि बहुतेकांना खोलीही. अनुभवी म्हणाले, "असं कसं सांगणार? हे नाव कोणाचंही असू शकतं." प्राध्यापक म्हणाले, "नाव हे व्यक्तीचं आहे की जागेचं, हे आधी ठरवलं पाहिजे." मी खाली बघून जिन्याखालच्या फरश्या मोजत होतो. त्या क्षणी लिफ्ट येऊन मला घेऊन वरच्या वर आकाशात गेली असती, तरी माझी हरकत नव्हती.

"आमच्या सासूबाईंची आहे," बायको म्हणाली. "चला, दाखवते."

सगळी वरात आमच्या घरी आली. बाई आईच्या खोलीत गेल्या, कपाटावरून खेकडा खाली घेतला आणि त्याची पाठ मला दाखवली. "हे काय केलंत?"

मी म्हणालो, "पिवळी जास्त होती."

मग त्यांनी मला राउटर समजावून सांगितला, सगळ्यांच्या देखत. राउटरला काही सगळं जग माहीत नसतं. तो नाक्यावर बसलेला माणूस. हातात आलेलं पाकीट घरातल्या कोणाचं असेल तर घरात द्यायचं, नसेल तर बाहेरच्या दाराने पुढच्या नाक्यावर सोपवायचं. पुढचा नाका त्याच्या पुढच्याला देतो, आणि असं करत पाकीट जगाच्या टोकाला जातं. पूर्ण रस्ता कोणाच्याच डोक्यात नसतो. निळं भोक म्हणजे बाहेरचं दार. पिवळी भोकं म्हणजे घरातल्या खोल्या. आणि घरातल्या प्रत्येकाला पत्ता देणं, हेही राउटरचंच काम.

"तुम्ही बाहेरची वायर पिवळ्यात घातलीत," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं, अख्खी इमारत घरातलीच माणसं आहेत. मग जो जो पत्ता मागायला आला, त्याला हा देत सुटला. सगळी पाकिटं याच्याकडे, आणि बाहेरचं दार बंद."

मला हे इतकं नीट समजलं की त्याचाच जास्त त्रास झाला. ही तर माझ्याच खात्यातली गोष्ट! सगळ्या विभागाचा माल एका गोदामात उतरवून घ्यायचा आणि मागचं फाटक उघडायचंच नाही. असं एखाद्या कारकुनाने केलं असतं, तर मी त्याला उभा जाळला असता.

"कनेक्शन तोडायचं ना?" कोणी तरी मागून म्हणालं. "कायमचं? सगळ्यांसमोर?" कचेरीतलं माझं भाषण अनुभवींनी जिना चढतानाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

बाईंनी वायर निळ्यात घातली. "आता प्रत्येकाने आपापला राउटर बंद करून परत चालू करा. म्हणजे खरे पत्ते मिळतील." लोक पांगले. थोड्या वेळात इंटरनेट आलं. आईने साडी बदलली होती. तिला खुर्चीत बसवलं, समोर उशांच्या आधाराने मोबाइल उभा केला. मावसभावाने फोन लावला.

मावशी दिसली. पांढरी उशी, आणि तिच्यावर एक छोटासा चेहरा. "ताई," ती म्हणाली, आणि चित्र थिजलं.

पुन्हा लावलं. "ता..." पुन्हा थिजलं.

सबंध दिवसाची उपाशी इमारत एकदमच पानावर बसली होती. प्राध्यापकांचा राहिलेला वर्ग, पहिल्या मजल्याचे सिनेमे, समोरच्यांची मीटिंग, सगळं एकाच वेळी त्या एका वायरवर तुटून पडलेलं. इंजिनीअर बाई पिशवी आवरत म्हणाल्या, "तासाभरात निवळेल."

"तासाभराने तिथे भेटायला सोडत नाहीत," मी म्हणालो. "दवाखान्यात आहे मावशी."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरची गोष्ट होती. दोन बहिणींचं भांडण आणि एकीचा घसा, हे काय जिन्यात उभं राहून सांगायचं? मी तसाच दारात उभा राहिलो. बायको मात्र जिन्यात गेली. सचिव तिथेच होते. तिने त्यांना सरळ सांगून टाकलं. "उद्या त्यांचा आवाज जाणार आहे. दोघी बहिणींना एकदा बोलायचंय. पण लाइन भरलीय."

सचिवांनी ऐकून घेतलं. मग या मितभाषी माणसाने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून अशी आरोळी ठोकली, की तशी मी रवानगी विभागातसुद्धा कधी ऐकलेली नाही. "राउटर बंद करा! सगळ्यांनी! आत्ताच्या आत्ता!"

दारं उघडली. "का? परत काय केलं त्यांनी?" असे आवाज आले. पण सचिव एकेक मजला उतरत-चढत गेले आणि प्रत्येक दारात दोन शब्द बोलले. खटखट राउटर बंद झाले. प्राध्यापकांनी वर्ग मध्येच सोडला. आज प्रथमच विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर हालचाल दिसली, असं ते नंतर म्हणाले. बंद करून लोक घरात बसेनात. आले ते आमच्याच हॉलमध्ये. जागा पुरेना, तेव्हा जिन्यात उभे राहिले. इंजिनीअर बाईही पिशवी खांद्याला लावून भिंतीला टेकल्या. त्या गेल्या का नाहीत, हे मला कोणी विचारू नये. मलाही ठाऊक नाही.

आईच्या खोलीचं दार लागलं.

आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि कोणी कान देतही नव्हतं. अनुभवींनी एकदा तोंड उघडलं. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या बायकोने पाण्याचे पेले फिरवले. बाहेर उजेड कमी होत गेला, पण दिवा लावायला कोणी उठलं नाही. एकदा आतून मावशीचा आवाज जरा मोठ्याने आला, घोगरा, भांडल्यासारखा. मग आईचा, तसाच. मी घाबरलो. म्हटलं, पुन्हा जुंपली! पण लगेच दोघी हसल्या. तो मावशीचा हसण्याचा आवाज मी लहानपणी ऐकला होता. मधल्या वर्षांत मी तो विसरून गेलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. आईने दार उघडलं. समोर अंधारात गच्च भरलेला हॉल, सगळे गप्प, कोणाच्या हातात पाण्याचा पेला, कोणाचा पदर डोळ्यांना. आई दचकली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी नाही हो, काकू," सचिव म्हणाले. "आम्ही जरा बसलो होतो."

ऑपरेशन नीट झालं. मावशीचा आवाज गेला, मावशी राहिली. आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव झाला की यापुढे कोणीही सभासदाने समितीला विचारल्याशिवाय नवा राउटर आणू नये. समितीवर माणूस कोणता नेमायचा, असा प्रश्न आला तेव्हा अनुभवी उठून म्हणाले की या बाबतीत इमारतीत एकाच माणसाला पुरेसा अनुभव आहे. मी ते पद स्वीकारलं. हल्ली कोणाचंही इंटरनेट गेलं की लोक कंपनीला फोन न करता आधी माझ्या दारात येतात आणि तोंडभर हसून विचारतात, "आज काय जोडलंत?" मी उत्तर देत नाही. पदाचा मान असतो.

आई दुपारी मोबाइल घेऊन दार लावून घेते. मावशी आता ओठ आणि हात हलवते. फार झालं तर पाटीवर लिहून दाखवते. बाहेर आम्हाला एकटीचंच बोलणं ऐकू येतं.

परवा सुट्टी होती. मी दारावरून चाललो होतो. आई आत सांगत होती, "मग मी पण तिला तोंडावर सुनावलं, म्हटलं, तुझं तुझ्यापाशी ठेव." मग काहीच आवाज नाही. बराच वेळ नाही. मी थांबलो, वाटलं, लाइन गेली असणार, आत जाऊन खेकडा बघावा. दारावर हात ठेवला, तेवढ्यात आई खळखळून हसली.

"हो गं हो," ती म्हणाली, "ऐकतेय मी. एवढी ओरडू नकोस."